एमआयडीसीत नव्याने कामाला लागताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, बुटीबोरी, वसाहत कोणतीही असो, गेटच्या आतला पहिला महिना काढणाऱ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात. उत्तरं देताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत: कायदा, कंपनीचा लेखी नियम आणि "इथे असंच चालतं" हा रिवाज. नव्या माणसाची सगळ्यात मोठी गल्लत इथेच होते. रिवाजाला तो कायदा समजून गप्प बसतो, नाहीतर लेखी नियमाला रिवाज समजून मोडतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यामुळे जिथे जुना आकडा बदलला तिथे दोन्ही दिले आहेत, कारण शॉपमध्ये अजून जुनाच आकडा तोंडी असतो.

जॉइनिंगच्या दिवशी काय काय न्यायचं?

आधार, पॅन, बँक पासबुकाचं पहिलं पान किंवा कॅन्सल चेक, शाळा सोडल्याचा दाखला, दहावीची गुणपत्रिका, आयटीआय किंवा डिप्लोमाचं प्रमाणपत्र आणि पाच-सहा फोटो. आधी कुठे काम केलं असेल तर १२ अंकी यूएएन (पीएफचा, म्हणजे भविष्य निर्वाह निधीचा, कायमचा नंबर) आणि १० अंकी ईएसआय (कामगार राज्य विमा) नंबर. ईएसआय लागू होणार असेल तर घरच्यांचे आधार नंबरही लागतात. आई, वडील, बायको, मुलं यांची नावं त्या नोंदीत नसतील तर दवाखान्यात त्यांना दारातूनच परत पाठवतात.

मूळ कागद फक्त दाखवायचे आणि परत घ्यायचे. "ओरिजिनल मार्कशीट आमच्याकडे जमा राहील" असं ठेकेदाराचा माणूस म्हणत असेल तर देऊ नका. नोकरी सोडताना तीच अडकवून ठेवतात. जॉइनिंगसाठी, गणवेशासाठी किंवा "कंपनीत लावून देतो" म्हणून कुणी पैसे मागत असेल तर तो माणूस कंपनीचा नाही, एवढं समजून घ्या.

नावात थोडा फरक आहे. चालेल का?

चालत नाही, आणि या एका गोष्टीवर लोकांचे पीएफचे पैसे वर्षानुवर्षं अडकतात. आपल्याकडे दाखल्यावर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी. बँकेत वडिलांच्या नावाची जागा एका अक्षरावर भागवलेली असते. लग्नानंतर बाईचं आधार नव्या नावाने होतं, पण पॅन माहेरच्या नावावर राहतं. यूएएन, आधार, पॅन आणि बँक या चारही ठिकाणी नाव, जन्मतारीख आणि लिंग तंतोतंत जुळायला हवं. इंग्रजी स्पेलिंगमधला एखादा जादा 'ए'सुद्धा क्लेम परत पाठवतो.

आधी आधार दुरुस्त करा, मग बाकीचं त्याच्याशी जुळवा. उलट्या क्रमाने केलंत तर दोनदा करावं लागेल. जॉइनिंग फॉर्म भरताना नाव आठवणीतून लिहू नका, आधार समोर ठेवून अक्षर न् अक्षर उतरवा.

आधीचा यूएएन असेल तर नवा काढू देऊ नका. माणूस एक, नंबर एक. दोन नंबर झाले की जुनी सेवा जोडली जात नाही, आणि पेन्शनसाठी लागणारी १० वर्षं कागदावर पुरी होत नाहीत.

नेमणूकपत्र मिळालं नाही, फक्त गेटपास दिलाय. एवढं पुरे का?

नाही. नव्या संहितेनुसार प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे. पत्रात पाच गोष्टी बघा: पद, रुजू तारीख, बेसिक आणि महागाई भत्ता वेगवेगळा दाखवलाय का, नेमणूक कसली (कायम, प्रोबेशन, मुदतीची की प्रशिक्षणार्थी) आणि सर्वात महत्त्वाचं, लेटरहेड कोणाचं आहे. मोठ्या कंपनीच्या गेटवर उभं असूनही लेटरहेड ठेकेदार एजन्सीचं असेल, तर तुमचा मालक ती एजन्सी. सहीच्या आधी मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो घ्या.

सीटीसी १९ हजार सांगितला होता, हातात १३ हजारसुद्धा येत नाहीत. फसवलं का?

बहुतेक वेळा फसवलेलं नसतं, पण नीट सांगितलेलंही नसतं. सीटीसी म्हणजे कंपनीला तुमच्यावर पडणारा एकूण खर्च, हातात येणारा पगार नव्हे. हिशेब असा. समजा बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १५,००० आहेत आणि दुसरा कोणताही भत्ता नाही.

तुमच्या पगारातून पीएफ १२ टक्के म्हणजे १,८००, ईएसआय ०.७५ टक्के म्हणजे ११२.५० (वरच्या रुपयात ११३) आणि व्यवसाय कर २०० कापले जातात. एकूण कटिंग २,११३, हातात १२,८८७.

कंपनीचा खर्च मात्र १५,००० वर चढत जातो: पीएफ १,८००, त्यावरचा विमा आणि प्रशासकीय आकार मिळून १५०, ईएसआय ३.२५ टक्क्यांनी ४८८, ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के म्हणजे ७२२, बोनस ८.३३ टक्के धरला तर १,२५०. बेरीज १९,४१०. भरतीच्या वेळी हाच आकडा सांगतात. म्हणून मुलाखतीत विचारायचा प्रश्न एकच: "सगळी कटिंग जाऊन खात्यात किती पडतील?"

व्यवसाय कर फेब्रुवारीत २०० ऐवजी ३०० असतो, वर्षाचे २,५०० भरावेत म्हणून. महिलांना महिना २५,००० पर्यंत तो लागत नाही. लागलेला दिसला तर टाइम ऑफिसला सांगा, ही चूक बऱ्याच ठिकाणी होते. जून आणि डिसेंबरच्या स्लिपमध्ये कामगार कल्याण निधीचे २५ रुपये कापलेले दिसतील, ते बरोबर आहेत. कँटीन आणि बसचे पैसे हा कंपनीचा नियम. किती ते रुजू होतानाच विचारा.

पीएफ खरंच भरला जातोय हे कसं कळणार?

स्लिपवर कापलेला दिसला म्हणजे भरला असं नाही. यूएएनला जोडलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ या नंबरवर मिस्ड कॉल द्या, शेवटच्या भरण्याचा मेसेज येतो. उमंग अॅपवर पासबुक दिसतं. महिना संपल्यावर भरणा पुढच्या १५ तारखेपर्यंत व्हायचा असतो, त्यामुळे १ तारखेला बघून घाबरू नका. सलग दोन महिने काही दिसलं नाही तर मात्र लेखी विचारा.

पासबुकात मालकाचा हिस्सा तुमच्यापेक्षा बराच कमी दिसतो, त्यावरूनही दर महिन्याला कुणीतरी एचआरला येतंच. १,८०० पैकी १,२५० पेन्शन खात्यात जातात आणि ५५० पीएफमध्ये. पैसे कुठे गेलेले नसतात. पहिल्याच आठवड्यात वारसाची ऑनलाइन नोंद करून टाका. ती राहिली की माणूस गेल्यावर घरच्यांची ससेहोलपट होते.

पंचिंग केलं होतं तरी गैरहजेरी लागली. असं का होतं?

तीन कारणं नेहमीची. एक, मशीनने बोट घेतलंच नाही. कूलंट, ग्रीस किंवा फाउंड्रीच्या वाळूने बोटाच्या रेषा घासतात आणि "पुन्हा प्रयत्न करा" असा आवाज गर्दीत ऐकू येत नाही. रुजू होताना दोन्ही हातांची मिळून तीन-चार बोटं नोंदवून घ्या, आणि हिरवा दिवा व नाव दिसल्याशिवाय हलू नका. दोन, येताना पंच केलं पण जाताना बस पकडायच्या घाईत राहिलं. एक पंच म्हणजे सिस्टिमच्या लेखी अर्धवट दिवस. तीन, शिफ्ट बदलली पण सुपरवायझरने रोस्टरमध्ये बदललीच नाही, म्हणून सेकंड शिफ्टचा माणूस फर्स्टला गैरहजर दिसतो.

मिस पंचचा फॉर्म त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी द्या. हजेरी बहुतेक कंपन्यांत २० किंवा २५ तारखेला बंद होते, त्यानंतरची दुरुस्ती पुढच्या पगारात जाते.

"तीन लेट म्हणजे अर्धा दिवस" हा कंपनीचा नियम आहे. कायदा एवढंच सांगतो की कपात गैरहजेरीच्या वेळेच्या प्रमाणात असावी. पहिल्या लेटला वाद घालण्यापेक्षा स्थायी आदेशांची (कंपनीच्या कामाच्या आणि शिस्तीच्या लेखी नियमांची) प्रत मागून वाचा. दुसऱ्याचं कार्ड पंच करणं मात्र कुठेच किरकोळ धरत नाहीत. दोघांनाही चार्जशीट मिळते, आणि कॅमेरा नेमका मशीनच्या वरच असतो.

ओटीचा (ओव्हरटाइमचा) दर कसा काढायचा? "नाही" म्हणता येतं का?

दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. त्यावरच्या कामाला दुप्पट दर. १५,००० ला २६ दिवस आणि ८ तासांनी भागलं तर तास ७२.१२ रुपयांना पडतो, म्हणजे ओटीचा तास १४४.२३. काही ठिकाणी २६ ऐवजी ३० ने भागतात, मग तोच तास १२५ वर येतो. महिन्याला ४० तास ओटी करणाऱ्याला हा फरक ७५० रुपयांहून जास्त पडतो. स्लिपवरचा ओटीचा आकडा तासांनी भागून एकदा तपासा.

नव्या संहितेत ओटीला कामगाराची संमती लागते. प्रत्यक्षात रिलिव्हर (पुढच्या शिफ्टला तुमच्या जागी येणारा माणूस) आला नाही की "थांब जरा" एवढंच सांगितलं जातं. थांबणार असाल तर ओटी स्लिपवर सुपरवायझरची सही त्याच वेळी घ्या. तोंडी ओटी महिनाअखेरीस कुणालाच आठवत नाही. साप्ताहिक सुट्टीला बोलावलं तर बदली सुट्टी त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत मिळायला हवी. ती घेतली नाही तर बुडते, असं सांगणारा रिवाज असतो, कायदा नव्हे.

शिफ्ट संपली, रिलिव्हर आला नाही. मशीन सोडून जाऊ का?

चालतं मशीन सोडून जाऊ नका. सायकल पूर्ण करा, मशीन थांबवा, लाइन लीडरला सांगा, मग निघा. हँडओव्हरला दोन मिनिटं लागतात: किती नग झाले, किती रिजेक्ट, टूल कधी बदललं, मशीन कुठे कुरकुरतंय. हे वहीत लिहिलं नाही तर पुढच्या शिफ्टच्या रिजेक्शनचं खापर तुमच्यावर फुटतं.

पहिल्या महिन्यात सुट्टी मिळते का? गावची जत्रा आहे.

भरपगारी रजा काम केलेल्या दर २० दिवसांना एक अशी साठते. ती लागू व्हायला पूर्वी वर्षात २४० दिवस भरावे लागत, आता १८०. कारखान्यात सीएल (किरकोळ रजा) आणि एसएल (आजारपणाची रजा) हा कंपनीचा किंवा कराराचा भाग असतो, सगळीकडे मिळेलच असं नाही. म्हणजे पहिल्या महिन्यातली सुट्टी बहुधा बिनपगारी. पण बिनपगारी सुट्टी आणि खाडा (न कळवता गैरहजेरी) यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सुट्टीला अर्ज असतो, मंजुरी असते. खाड्याची नोंद राहते, आणि प्रोबेशन संपताना फाइल उघडली की तीच आधी दिसते.

गणपती, दिवाळी, मे महिन्याची लग्नसराई आणि मृगाची पेरणी या वेळी निम्मी लाइन सुट्टी मागते. १५ दिवस आधी अर्ज द्या आणि मंजुरीची सही किंवा मेसेज जपून ठेवा. गावी गेल्यावर मुक्काम वाढला तर सुट्टी संपण्याआधी कळवा. विनापरवानगी सलग १० दिवसांहून जास्त गैरहजेरी आदर्श (सरकारने नमुना म्हणून ठरवलेल्या) स्थायी आदेशांत गैरवर्तन धरली जाते.

आजारी पडलो तर?

ईएसआय कापला जात असेल (पगाराची मर्यादा महिना २१,०००) तर उपचार पहिल्या दिवसापासून, तुम्हाला आणि नोंदवलेल्या घरच्यांना. पिंपरी-चिंचवडच्या लोकांना मोहननगरचं, नाशिककरांना सातपूरचं, नागपूरकरांना सोमवार पेठेतलं रुग्णालय माहीत असतंच. पण आधी तुमच्या कार्डावर नेमून दिलेल्या दवाखान्यात किंवा पॅनल डॉक्टरकडे जायचं.

उपचार आणि आजारपणाचे पैसे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे रोजच्या वेतनाच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतात. पण नवीन माणसाला ते साधारण ९ महिन्यांनंतरच सुरू होतात, आणि पहिले दोन दिवस धरत नाहीत. सर्टिफिकेट ईएसआयच्याच डॉक्टरचं लागतं. कोपऱ्यावरच्या खासगी डॉक्टरची चिठ्ठी फार तर कंपनीची सुट्टी मंजूर करून देईल, क्लेम नाही.

कामावर लागलं तर काय करायचं?

कितीही छोटं असो, आधी प्रथमोपचार आणि त्याच शिफ्टमध्ये अपघात वहीत नोंद. "किरकोळ आहे, घरी जाऊन हळद लावतो" म्हणून निघालेला माणूस तीन दिवसांनी बोट सुजवून येतो, तेव्हा ते कामावर लागलं हे सिद्ध करणं अवघड होतं. कामावरच्या दुखापतीला वरची ९ महिन्यांची अट नाही. पहिल्या दिवशी लागलं तरी ईएसआयकडून वेतनाच्या ९० टक्के मिळतात. घरून कामावर येताना-जाताना झालेला अपघातही यात येऊ शकतो, म्हणून त्याचीही खबर लगेच द्या आणि पोलिसांकडची नोंद जपा.

नोंद केली तर "सेफ्टी बोर्डवरचे अपघातरहित दिवस शून्य होतील" असा दबाव येतो. येऊ दे.

सेफ्टीचं नेमकं काय पाळायचं? इंडक्शनमध्ये सगळं भराभर दाखवून टाकलं.

बोटं जातात त्या जागा आधी.

ड्रिल, लेथ, मिलिंग, जिथे काही फिरतं तिथे हातमोजे घालायचे नाहीत. हे ऐकून नवे लोक चक्रावतात, कारण बाकी सगळीकडे "ग्लोव्ह्ज घाला" असंच सांगतात. फिरता ड्रिल मोज्याचा धागा पकडतो आणि मोज्यासकट हात ओढतो. उघडी कातडी निसटू शकते, मोजा निसटत नाही. पत्रा उचलताना मात्र कटरोधक मोजे हवेतच. मनगटातला कडा, लाल दोरा, अंगठी, गळ्यातली साखळी लॉकरमध्ये. केस टोपीत, ओढणी नाही. चिप (कापताना निघणारे धातूचे तुकडे) हाताने काढू नका, ब्रश किंवा हुक वापरा.

प्रेसवर दोन बटणं असतात, ती दोन्ही हात डायबाहेर (साच्याबाहेर) राहावेत म्हणूनच. एक बटण टेपने दाबून ठेवलं की तासाला थोडे नग जास्त निघतात. प्रेस शॉपमधली तुटलेली बोटं बहुधा याच टेपची कमाई असते. टार्गेटसाठी कुणी हे सुचवलं तर करू नका, आणि आधीच केलेलं दिसलं तर मशीन सुरू करू नका.

मशीनमध्ये हात घालायचा असेल, अडकलेला नग काढायचा असेल किंवा मेन्टेनन्स चालू असेल तर मेन स्विचला स्वतःचं कुलूप, स्वतःचा टॅग, किल्ली स्वतःच्या खिशात. मग एकदा स्टार्ट बटण दाबून बघायचं, खरंच बंद आहे ना. दुसऱ्याच्या कुलपावर भरवसा ठेवून आत जायचं नाही.

इअरप्लग नुसता कानात ठेवून काही होत नाही. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढा, प्लग आत सारा आणि तो फुगेपर्यंत २०-३० सेकंद बोटाने धरून ठेवा. वळण्याआधी हात धुतलेले हवेत, नाहीतर कान पिकतो.

कॉम्प्रेस्ड एअरने कपडे झाडू नका. ही सवय सगळ्या शॉपमध्ये आहे आणि तरीही वाईटच आहे: चिप डोळ्यात जाते, जखमेतून हवा आत शिरू शकते. सेफ्टी शूजच्या टोकावर काही जड पडून ते चेपलं असेल तर जोडा बदलून मागा, जोड्याच्या टोकातली चेपलेली टोपी पुढच्या वेळी बोटंच दाबते. सुरक्षेच्या साधनांचे पैसे पगारातून कापता येत नाहीत.

शॉप फ्लोअरवर मोबाइल? तंबाखू?

मोबाइल बहुतेक ठिकाणी लॉकरमध्ये. नेण्याची परवानगी असली तरी फोटो आणि रील नाहीत. मागे उभी नवी गाडी किंवा ड्रॉइंग दिसलं तर ते गोपनीयतेचं प्रकरण होतं. तंबाखूची पुडी गेटवरच्या झडतीत सापडली की पहिल्यांदा समज, मग मेमो. पेंट शॉप किंवा सॉल्व्हंटजवळ काडी-लायटर सापडलं तर समज देत बसत नाहीत.

सात महिन्यांनी "ब्रेक" देतात, तो काय प्रकार आहे?

महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत बदली किंवा तात्पुरत्या कामगाराने १२ महिन्यांत २४० दिवस भरले की कायम करण्याची तरतूद आहे. ते भरू नयेत म्हणून सातव्या-आठव्या महिन्यात काही दिवस घरी बसवायचं, हा खेळ जुना आहे. आता मुदतीच्या नेमणुकीला कायद्यात जागा आहे, त्यामुळे पत्रात "मुदतीची" लिहिलं असेल तर मुदत संपल्यावर घरी जावं लागेल. पण तेवढ्या काळात पगार आणि सवलती कायम कामगाराइतक्याच, आणि एक वर्ष भरलं तर ग्रॅच्युइटीही. कोणत्या गटात आहात हे पत्रावर लिहिलेलं असतं, सुपरवायझरच्या आश्वासनात नाही. हजेरीचे दिवस स्वतःच्या वहीत मोजत राहा.

ठेकेदाराने पगार दिला नाही तर कंपनी हात वर करू शकते का?

नाही. ठेकेदाराने वेतन बुडवलं तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. कंपनीच्या एचआरला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, सोबत गेटपास आणि हजेरीची प्रत जोडा. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत व्हायला हवा.

महिलांसाठी वेगळं काय लक्षात ठेवायचं?

दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती हवी: अध्यक्ष वरिष्ठ महिला, एक सदस्य बाहेरची. तिची नावं आणि नंबर नोटीस बोर्डवर असतात. नसतील तर तीच पहिली तक्रार. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. कंत्राटी आणि प्रशिक्षणार्थी महिलांनाही हा कायदा लागू आहे, "तू आमच्या रोलवर नाहीस" हे उत्तर चालत नाही. रात्रपाळी संमतीनेच, आणि संमती देण्याआधी बस दारापर्यंत येते की हायवेच्या नाक्यावर सोडते, ते विचारून घ्या.

मेमो मिळाला. सही करू का?

"मिळाला" एवढंच लिहून तारखेसह सही करा. ती पोच असते, कबुली नव्हे. घेतलाच नाही तर तो घरच्या पत्त्यावर आणि नोटीस बोर्डवर जातो, आणि नकाराचा मुद्दा वर जोडला जातो. उत्तर मुदतीत, मुद्द्याला धरून, एक प्रत स्वतःकडे ठेवून. मराठीत लिहिलेलं चालतं. "चूक झाली, माफ करा" हे तयार वाक्य कुणी सांगून लिहून घेत असेल तर घरी जाऊन विचार करून लिहितो म्हणा. चौकशीसाठी निलंबित केलं तर पहिले ९० दिवस निम्मं वेतन निर्वाह भत्ता म्हणून मिळतं, त्यानंतर उशीर तुमच्यामुळे नसेल तर ७५ टक्के.

पटलं नाही, सोडायचं आहे. कसं सोडू?

येणं बंद करू नका. पुढच्या नोकरीला अनुभवपत्र लागतं. राजीनामा तारखेसह द्या, पोच घ्या, नेमणूकपत्रातला नोटीस काळ बघा. प्रोबेशनमध्ये तो बहुधा कमी असतो. लॉकरची चावी, ओळखपत्र, टूल किट परत करून नो ड्यूजवर (काही देणं बाकी नाही, अशा कागदावर) सह्या घ्या. वेतन संहितेनुसार हिशेब दोन कामाच्या दिवसांत व्हायला हवा. अजून बऱ्याच ठिकाणी "४५ दिवसांनी या" सांगतात, तेव्हा ही तरतूद दाखवून अर्ज द्या. साठलेल्या रजेचे पैसे आणि वर्षात ३० दिवस काम झालं असेल तर त्या प्रमाणातला बोनस त्या हिशेबात आहे का बघा.

पीएफ काढू नका, नव्या खात्यात वळवा. पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागू शकतो. कंपनीने पीएफच्या पोर्टलवर सोडल्याची तारीख भरली का तेही पाहा. ती नसेल तर वळवणं अडतं, पण शेवटच्या भरण्यानंतर दोन महिने झाले की ती तारीख तुम्ही स्वतः आधारच्या ओटीपीवर भरू शकता.